सहा आठवड्यांचे बिऱ्हाड

ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात शिक्षण समितीच्या वतीने केलेले भाषण



आमच्या शिक्षण समितीकडे दरवर्षी जे अर्ज येतात ते बहुतांशी पुस्तकांसाठी, परीक्षाशुल्कासाठी व शिष्यवृत्तीसाठी असतात. त्यांचा निकाल कसा लावावयाचा हे आम्हांस आता सवयीने ठाऊक झाले आहे. परंतु अलीकडे एका निराळ्या तऱ्हेचे अर्ज येऊ लागले आहेत. त्यांत पैशाची मागणी नसते. "मुंबईत सहा आठवडे राहावयास कोठे जागा मिळेल काय?" एवढाच प्रश्न असतो. अर्जाखालची सही बहुधा मुलीची असते, आणि खाली लिहिलेले असते, "भौतिकोपचार अभ्यासक्रम, आंतरवासिता." आपण सारे ज्याला फिजिओथेरपी म्हणतो तोच हा अभ्यासक्रम. या अर्जांना आजवर आम्ही कळकळीची उत्तरे धाडली. जागा मात्र एकीलाही देता आली नाही. म्हणून आज शिष्यवृत्तीचा नेहमीचा वृत्तान्त बाजूस ठेवून या एकाच विषयावर बोलण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून मागून घेतली आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण "मालिश करणारी मुलगी" असा शब्द आपल्याच घरांतून आम्ही ऐकला आहे. आपल्याकडे या विद्येचे रीतसर शिक्षण पोलिओच्या दिवसांत सुरू झाले. लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करणारी शिकलेली माणसे हवी होती; तेव्हा जागतिक आरोग्य संघटना, सरकार आणि मुंबई महानगरपालिका यांच्या सहकार्याने १९५३ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात पहिले विद्यालय निघाले. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुढे पोलिओ गेला. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. परंतु काम कमी झाले नाही. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला गृहस्थ, गुडघ्याचा सांधा बदललेली आजी, अपघातात मणका दुखावलेला तरुण, अतिदक्षता विभागात छातीत कफ साचून धाप लागलेला रुग्ण, ही सारी माणसे शल्यवैद्याच्या हातून सुटल्यावर ज्यांच्या हाती येतात त्या या मुली व मुले. शस्त्रक्रिया दोन तासांत आटोपते. चालणे शिकवावयास महिने लागतात.

हे शिक्षण पुस्तकांतून पुरे होत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा क्रम आजवर चार वर्षे अध्ययन व सहा महिने आंतरवासिता असा चालत आला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तर आंतरवासिता पुऱ्या वर्षाची धरली आहे. या काळात विद्यार्थिनी अस्थिरोग, मज्जाविकार, हृदय व श्वसन, बालरोग, ग्रामीण आरोग्य अशा विभागांतून काही काही आठवडे फिरते. लोणी, कराड, सावंगी अशा ठिकाणच्या महाविद्यालयांना स्वतःची मोठी रुग्णालये आहेत, आणि तेथे शिक्षण उत्तम होते. तरीही एखाद्या विशिष्ट विभागाचा अनुभव घेण्यासाठी महाविद्यालयाच्या परवानगीने चार, सहा, आठ आठवडे मुंबई-पुण्यास यावे, अशी हुशार विद्यार्थ्यांची इच्छा असते. ती योग्यच आहे. परळच्या एका मैलाच्या आत के. ई. एम., टाटा स्मारक आणि वाडिया बालरुग्णालय अशी तीन रुग्णालये आहेत. तेथे एका महिन्यात जेवढ्या तऱ्हेचे रुग्ण दृष्टीस पडतात तेवढे अन्यत्र वर्षातही पडणार नाहीत.

आणि येथेच गाडी अडते. रुग्णालयाची वसतिगृहे त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनाच पुरत नाहीत. बाहेरून आलेल्या मुलीस तेथे कोण घेणार? शिवाय रुग्णालयाचा होकार येतो तोच दहा-पंधरा दिवस आधी. तेवढ्या अवधीत परक्या शहरात जागा शोधावयाची. दलालास भेटावे तर तो एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली मागतो आणि अकरा महिन्यांच्या कराराखाली बोलत नाही. कॉट बेसिसवर राहावे तर डिपॉझिट आधी, महिन्याची नोटीस नंतर. म्हणजे सहा आठवडे राहणारीने येताक्षणीच जाण्याची नोटीस द्यावयाची! जातेवेळी डिपॉझिटातून रंग, साफसफाई, तुटलेली कडी अशी कापाकापी होते, आणि गावी परतलेली मुलगी त्या उरलेल्या रकमेसाठी पुन्हा मुंबईस थोडीच येणार? ही आंतरवासिता करणाऱ्या अनेकांना विद्यावेतन मिळत नाही, किंवा मिळते ते नाममात्र, हेही येथे ध्यानी घ्यावे. चार वर्षे शुल्क भरून थकलेल्या बापाकडेच पुन्हा हात पसरावा लागतो.

एका मुलीची हकीकत सांगतो. नाव अर्थातच सांगत नाही. तिला मुंबईच्या एका रुग्णालयात मज्जाविकारांच्या पुनर्वसन विभागात सहा आठवडे काम करण्याची संधी मिळाली. जागा मिळेना, तेव्हा आईच्या मामांकडे बदलापूरला राहिली. मामांनी व मामींनी प्रेमाने ठेवून घेतले, त्यांच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. परंतु पहाटे पाचला उठावे, सकाळच्या गर्दीत लोकल धरावी, दारात उभ्याने दादर गाठावे, आणि नऊ वाजता अर्धे अंग गेलेल्या, ऐंशी किलो वजनाच्या गृहस्थास खाटेवरून खुर्चीत घ्यावे. हे काम दमलेल्या शरीराने करता येत नाही. रुग्णाचा तोल गेला तर दोघेही खाली येतात. सायंकाळी पुन्हा तोच प्रवास, आणि रात्री दुसऱ्या दिवसाच्या रुग्णांची टिपणे. तिसऱ्या आठवड्यात मुलीने संधी सोडली व उरलेले दिवस आपल्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरून काढले. पदवीस त्यामुळे काही उणे आले नाही. पण मज्जाविकारांचे जे काम तिला शिकावयाचे होते ते राहिलेच. त्या रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आपल्या ज्ञातीची कितीतरी कुटुंबे राहतात. कित्येक घरांत मुले परदेशी गेल्यामुळे एक खोली वर्षभर बंद असते. फक्त गणपतीत उघडते.

मंडळी, परगावच्या माणसास थोड्या दिवसांसाठी छप्पर देणे ही गोष्ट आपल्या समाजास नवी नाही. गिरणगावात कोकणातल्या व घाटावरच्या गावांच्या सामाईक खोल्या होत्या. दहा-वीस माणसे एका खोलीत राहात; रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीहून आलेला त्याच जागी पथारी पसरी. प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी, आणि जेवण खानावळवालीकडे. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी तर धोबीतलाव, माझगाव या भागांत प्रत्येक गावाची कूड स्थापन केली. बोटीवर चढण्याची वाट पाहणारा खलाशी तेथे नाममात्र भाड्यात आठवडे काढी. सायंकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावयाची हा तेथला नियम असे. त्यांपैकी काही कुडी आजही चालू आहेत. या व्यवस्थांचे मर्म असे की, त्यांत दलाल नव्हता, आणि गावाची ओळख हेच डिपॉझिट होते. त्यांत उणीवही होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही: या साऱ्या जागा पुरुषांच्या होत्या. नोकरीला अगर शिक्षणाला एकटी येणारी स्त्री त्या काळी कोणी मनातच आणली नव्हती.

विद्यार्थी वसतिगृहांचा इतिहास आपणांस ठाऊकच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक ज्ञातींची व धर्मांची वसतिगृहे काढविली, आणि खेड्यातला मुलगा शहराच्या शाळेत टिकू लागला. आपल्यासारख्या मंडळांनी त्याच वाटेने जाऊन बोर्डिंगे बांधली. परंतु ती सारी वर्षाच्या हिशेबाने बांधलेली. जूनमध्ये प्रवेश, एप्रिलमध्ये सुट्टी. ऑगस्टच्या मध्यावर येऊन सप्टेंबरअखेर जाणाऱ्या मुलीस त्या नियमावलीत जागाच नाही. वसतिगृहाच्या व्यवस्थापकास दोष देऊन उपयोग नाही. त्याने वर्षाची खाट सहा आठवड्यांसाठी दिली तर पुढचे दहा महिने ती रिकामी राहील. म्हणून नव्या इमारतीची वर्गणी गोळा करण्यापूर्वी आपल्या घरांकडे पाहावे, असे आमच्या समितीस वाटते.

आम्ही मागतो ते असे. मुंबई व पुणे येथील ज्या सभासदांकडे एखादी खोली, अगर वृद्ध दांपत्याच्या घरात एखादी खाट व कपाट मोकळे असेल, त्यांनी ते मंडळाच्या वहीत नोंदवावे. मुंबईत परळ, नायगाव, दादर, शीव आणि महालक्ष्मी हा पट्टा विशेष सोयीचा. पुण्यात ससूनसाठी स्टेशनकडचा भाग आणि शिवाजीनगरच्या रुग्णालयांसाठी शनिवार-नारायण पेठेपर्यंतचा. चार आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत. भाडे आठवड्याच्या हिशेबाने, आणि ते घ्यावे. हे आम्ही मुद्दाम सांगतो. "आपलीच मुलगी, तिच्याकडून पैसे काय घ्यावयाचे" असे म्हणणारे उदार सभासद येथे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु फुकट राहणाऱ्या मुलीची स्थिती मोठी अवघड होते. तिला उपकाराखाली दळण आणावे लागते, नातवाचा अभ्यास घ्यावा लागतो, पाहुणे आले की खोली सोडून स्वयंपाकघरात निजावे लागते. थोडके का होईना, पण ठरलेले भाडे दिले म्हणजे मुलीस मान ताठ ठेवून राहता येते. डिपॉझिट मात्र कोणी मागू नये. नुकसान झाल्यास भरपाईची हमी मंडळाने घ्यावी, असा ठराव आज आम्ही मांडणार आहोत.

कायद्याची बाजूही पाहिली आहे, कारण सभासदांच्या मनात पहिली भीती तीच असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये अनुज्ञप्तीचा करार लेखी व नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तेव्हा "दीड महिन्याचे तर काम, कशाला कागद" असे म्हणून भागणार नाही. मालक स्वतः राहतो त्याच घराचा भाग वापरणारी ती पेइंग गेस्ट, ही संज्ञा त्या कायद्यातच आहे. आज करार घरबसल्या संगणकावरून नोंदविता येतो. ते काम मंडळाचे कार्यालय करून देईल व त्याचा खर्च शिक्षण निधीतून होईल. राहावयास आलेल्या मुलीची माहिती पोलीस ठाण्यास कळवावयाची व गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसास पत्र द्यावयाचे, तेही आम्ही करू. सभासदाने फक्त सही करावी.

निधीचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट बोलून टाकतो. गुणवंतांच्या सत्कारात आपण शाल, श्रीफळ, पेन आणि पाकीट देतो. छायाचित्र याच स्मरणिकेत छापतो. सत्कार जरूर व्हावा. परंतु बारावीला उत्तम गुण मिळवून ज्या मुलीने आपल्या हातून पाकीट घेतले, तीच पाच वर्षांनी जागेसाठी अर्ज करते तेव्हा आपल्याजवळ तिला देण्यासाठी एक खाट नसते. शालींचा खर्च एक वर्ष थांबविला तर कित्येक करारांची नोंदणी होईल. हे मत समितीतील सर्वांचे नाही, बहुमताचे आहे.

आता आक्षेपांकडे वळू. काही वडीलधाऱ्यांनी आम्हांस विचारले, "परक्याची तरणीताठी मुलगी घरात ठेवावयाची, तिला रात्री उशीर झाला, काही बरेवाईट झाले, तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, मुलगी बावीस-तेवीस वर्षांची आहे, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी वाहते आहे. विभागात एखाद्या दिवशी उशीर होणारच. तिच्याजवळ घराची किल्ली असावी. किल्ली न देता मुलगी ठेवणे म्हणजे तिला रोज दारावर उभे करणे होय, आणि तसे ज्यांस करावयाचे असेल त्यांनी नाव नोंदवूच नये. उलट, आजारपण आल्यास कोणास कळवावयाचे, कोणता डॉक्टर, कोणता दूरध्वनी, हे आधी लिहून ठेवावे. मुलीच्या आईवडिलांनी एकदा घर पाहून जावे. यजमानांनाही मुलीस आधी भेटण्याचा अधिकार असावा. दोघांपैकी कोणास पसंत न पडल्यास कारण न विचारता नाव पुढे सरकवावे.

दुसरा आक्षेप कोणी उघड घेतला नाही, परंतु कानावर आला: मुले का नकोत? हवीत. एकट्या मुलास घर देण्यास तर शहरात कोणीच तयार नसते, ही गोष्ट आम्ही जाणतो. ज्या सभासदांना चालेल त्यांनी वहीत तसे लिहावे.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नव्हे, सावधगिरीची आहे. ऐकून काहींना हसू येईल. फिजिओथेरपी शिकणारी मुलगी घरात आली की घरातली सारी दुखणी जागी होतात. आजोबांचा खांदा, आजींचे गुडघे, काकूंची कंबर, आणि शेजारच्या बाईंची मान. "बाळ, जरा बघतेस का?" असे म्हणत रोज रात्री दवाखाना भरेल. ती मुलगी अद्याप शिकते आहे. वरिष्ठांच्या देखरेखीशिवाय उपचार करण्याची तिला मुभा नाही, आणि दिवसभर तेच करून ती थकून आलेली असते. गुडघा दुखत असेल तर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जावे. तसेच, आमच्या वधुवर सूचक शाखेच्या भगिनींची क्षमा मागून सांगतो, राहावयास आलेल्या मुलीची पत्रिका मागू नये, आणि रविवारी "सहजच" भेटावयास येणाऱ्या भाच्यांची रांग लावू नये. ती शिकावयास आली आहे.

जेवणाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. गिरणगावाच्या खानावळवाल्या बायांना संघटित करणारे अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ साली निघाले तेव्हापासून, किंबहुना त्याच्या कितीतरी आधीपासून, या भागात घरचे जेवण विकत मिळत आले आहे. आज पोळी-भाजी केंद्रे गल्लोगल्ली आहेत. यजमानांनी जेवण द्यावेच असा आग्रह नाही. सकाळचा चहा करण्यापुरती शेगडी व शीतकपाटात एक कप्पा मिळाला तरी पुरे. मत्स्याहार, उपासतापास, सोवळेओवळे यांविषयी घराचे जे नियम असतील ते मात्र आधी सांगावेत. नंतर निघालेला नियम फार बोचतो.

सर्वांत नाजूक प्रश्न शेवटी घेतला आहे. या खोल्या केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलींसाठीच असाव्यात काय? समितीत यावर तीन बैठका झाल्या व आवाजही चढले. एका पक्षाचे म्हणणे, मंडळ ज्ञातीचे, वर्गणी ज्ञातीची, तेव्हा लाभही ज्ञातीलाच. त्यात तर्क आहे. परंतु कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीस जेवली, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींनी तेथे भेट दिली. त्या गोष्टीला शंभर वर्षे होत आली. शिवाय व्यवहार पाहा. आपल्या ज्ञातीची मुलगी ज्या सहा आठवड्यांत येईल त्याच सहा आठवड्यांत परळची खोली मोकळी असेल असे नाही. कित्येकदा ती दोन मैत्रिणींसह येते; एकीला घ्यावयाचे व दुसरीला जिन्यावरून परत पाठवावयाचे काय? आपली मुले अमेरिकेत फिजिकल थेरपी शिकावयास जातात, तेथेही त्यांना आठ-दहा-बारा आठवडे दुसऱ्या गावच्या, कधी दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात काढावे लागतात. तेथे ज्या घरमालकांनी त्यांना खोली दिली त्यांनी ज्ञाती विचारली नव्हती. बहुमताने आम्ही ठरविले ते असे: अर्ज ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने खोली द्यावी, एकाच दिवशी दोन अर्ज आले तर लांबून येणारीस प्रथम. समितीतील दोघांचा विरोध नोंदविलेला आहे आणि तो या भाषणाबरोबर सभेपुढे ठेवीत आहोत. निर्णय सभेने करावा.

मंडळाच्या सभागृहावरील दोन खोल्यांविषयीही एक सूचना आहे. त्या लग्नसराईत वऱ्हाडासाठी लागतात हे खरे. परंतु पावसाळ्याचे चार महिने तेथे खुर्च्या, मांडवाचे बांबू व जुनी भांडी यांशिवाय कोणी राहात नाही. एका खोलीतील सामान खाली हलवून तेथे तीन खाटा, तीन कपाटे व एक टेबल ठेवता येईल. स्वच्छतागृहाच्या दारास आतून कडी नाही, तेवढी आधी बसवावी लागेल. बांधकाम समितीने याचा खर्च काढून पुढील महिन्याच्या बैठकीत मांडावा, अशी विनंती आहे.

नोंदवही सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. रकाने पाच आहेत: पत्ता, जवळचे रुग्णालय, कोणते महिने, आठवड्याचे भाडे, आणि किल्ली देणार की नाही. पहिल्या पानावर समितीतील तिघांनी आपली घरे लिहिली आहेत, एक नायगावचे, एक शिवडीचे व एक पुण्याच्या नारायण पेठेतले. नायगावची खोली पुढील सोमवारपासूनच लागणार आहे. कराडच्या एका मुलीचे पत्र आले आहे.